‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी आता उतरवा

मुंबईत गाडी कुठेही उभी करायला जा, ही पाटी तिथे आधीच लागलेली असते. मॉलच्या तळघरात असते, हॉस्पिटलच्या आवारात असते, पे अँड पार्कच्या पावतीमागे बारीक अक्षरांत छापलेली असते आणि हल्ली सोसायटीच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या, खांबांमधल्या पार्किंगमध्ये) वॉचमनच्या खुर्चीमागेही रंगवलेली दिसते: ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर उभे करावे.’ सकाळी दोन्ही दारांवर चावीने ओढलेला लांब चरा दिसला, आरसा मोडलेला सापडला की मालक वॉचमनकडे जातो, वॉचमन सेक्रेटरींकडे पाठवतो आणि सेक्रेटरी पाटीकडे बोट दाखवतात. पाटीच्या अर्थाचा विचार मात्र कुणी करत नाही.

तो विचार सर्वोच्च न्यायालयाने केलेला आहे. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात १९९८ साली पाहुण्याने गाडीची चावी कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि गाडी चोरीला गेली. पार्किंगच्या कुपनावर ‘जबाबदारी मालकाची’ असं छापलेलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, गाडी एकदा ताब्यात घेतली की स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील वाक्याने झटकता येत नाही. हा निकाल चावी ताब्यात घेतलेल्या गाडीचा आहे. चावी आपल्याच खिशात असेल, तर तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यातलं सूत्र मुंबईने मनावर घ्यावं असं आहे: जागा ज्याच्या ताब्यात, काळजीचा वाटाही त्याचा. आज आपल्याकडे सगळा भार गाडीमालकावर आहे आणि तो भार पेलण्याची साधनं त्याच्याकडे जवळजवळ नाहीत.

बाजार मात्र त्याला साधनं विकत असतो. रंगावर चढवायच्या सिरॅमिक कोटिंगचंच उदाहरण घ्या. त्याचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. ‘नाइन एच’ म्हणून जो कडकपणा सांगितला जातो, तो पेन्सिलच्या शिशाने घासून करायच्या चाचणीतला आकडा आहे. चावीच्या धारेशी त्याचा काही संबंध नाही. कोटिंगने पाणी घरंगळतं, पक्ष्यांची विष्ठा लवकर धुतली जाते. दारावर जोर देऊन ओढलेली चावी त्याने अडत नाही. रंगावर चिकटवायच्या पारदर्शक पीपीएफची (पेंट प्रोटेक्शन फिल्मची) गोष्ट निराळी. ती फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते आणि कंपनीच्या रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, असतो चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. त्यामुळे बरेचसे ओरखडे फिल्ममध्येच जिरतात आणि खोल गेलेच तर तेवढा पट्टा बदलता येतो. पूर्ण गाडीला लावण्याचा खर्च परवडत नसेल, तर निदान दारांचा मधला पट्टा आणि मागच्या चाकावरची पत्रे झाकून घ्यावीत. चालता चालता हात पोचतो तो तिथेच.

कव्हरने गाडीचं मॉडेल आणि आतल्या वस्तू झाकल्या जातात, एवढाच त्याचा उपयोग. पण मुंबईच्या वाऱ्यात सैल कव्हर फडफडत राहतं, आतली धूळ रंगावर घासते आणि पावसाळ्यात ओल अडकून राहते. दिवाळीत तर पॉलिस्टरचं कव्हर काढून ठेवलेलंच बरं. त्यावर पडलेली फटाक्याची एक ठिणगी विझत नाही, वितळत पसरते.

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेआड बसवायचा कॅमेरा, हे सर्वांत जास्त विकलं जाणारं आश्वासन. गाडी बंद असतानाही रेकॉर्ड करणारा पार्किंग मोड चालवायचा तर गाडीच्या बॅटरीला जोडणारं हार्डवायर किट लागतं. त्याला तीन तारा असतात: कायम चालू राहणारा बॅटरीचा पुरवठा, एसीसी (चावी फिरवल्यावरच मिळणारा पुरवठा) आणि अर्थिंग. मूळ वायरिंग कापू नये. फ्यूज बॉक्समध्ये टॅप लावून जोडणी करावी, म्हणजे वॉरंटीचा वाद उद्भवत नाही. आता हिशेब बघा. कॅमेरा चार वॅट खात असेल, तर १२ व्होल्टला सुमारे ०.३३ अँपिअर आणि चोवीस तासांत आठ अँपिअर-तास. लहान हॅचबॅकची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते आणि इंजिन नीट सुरू व्हायला त्यातली निम्मी तरी शिल्लक लागते. म्हणजे शुक्रवारी रात्री उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू होईलच असं नाही. म्हणून किटचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरी उतरल्यावर कॅमेरा बंद करणारी मर्यादा, ११.८ वर न ठेवता १२.२ व्होल्टवर ठेवावा. मग सोमवारी गाडी सुरू होते, पण रविवारची रात्र रेकॉर्ड झालेली नसते. शिवाय उन्हात उभ्या गाडीच्या आत मे महिन्यात जी भट्टी होते, त्यात लिथियम बॅटरीचे कॅमेरे फुगतात. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेलाच घ्यावा आणि कार्डही सतत लिहिण्यासाठी बनवलेलं हाय-एंड्युरन्स घ्यावं. एवढं सगळं करूनही तो कॅमेरा पुढचं आणि मागचं बघतो. चावी ओढली जाते बाजूने. धक्क्याची नोंद घेणारा सेन्सरही हलक्या हाताने ओढलेल्या चावीने जागा होत नाही.

‘विमा आहे ना?’ असं विचारणाऱ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काहीच मिळत नाही. आपल्या गाडीचं नुकसान भरून देणाऱ्या ओन डॅमेज कव्हरमध्ये दुष्ट हेतूने केलेलं नुकसान धरलेलं असतं, पण पूर्ण नव्हे. नुसते टायर कापले गेले आणि गाडीला दुसरी इजा नसेल, तर टायरचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. समजा, तीन पॅनल रंगवण्याचं बिल १५,००० रुपये झालं. रंगाच्या एकत्रित बिलात २५ टक्के साहित्य धरतात, म्हणजे ३,७५०. त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे १,८७५ वजा. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हाती येतात १२,१२५. आता दुसरी बाजू. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस (एनसीबी), ५० टक्क्यांवर पोचलेली असेल आणि सूट धरण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता १२,००० असेल, तर क्लेमनंतरच्या नूतनीकरणाला ६,००० रुपयांची सूट गेली. पुढच्या वर्षी ५० ऐवजी २०, मग २५, ३५, ४५ टक्के. म्हणजे अनुक्रमे ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० रुपयांचं नुकसान. पाच वर्षांची बेरीज १५,०००. बारा हजार मिळवायला पंधरा हजार मोजले! एनसीबी वाचवणारं अ‍ॅड-ऑन घेतलेलं नसेल, तर एवढ्या नुकसानीसाठी क्लेम करू नये. फुटलेल्या काचेचं मात्र वेगळं. काचेवर घसारा शून्य असतो, त्यामुळे समोरची मोठी काच फुटली तर हिशेब करून क्लेमचा विचार जरूर करावा.

राहता राहिली पोलीस चौकी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा तोडफोडीला कलम ३२४ लागतं आणि त्याची पायरी नुकसानीच्या रकमेवर ठरते. वीस हजारांच्या आत नुकसान असेल तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. वीस हजार ते एक लाखाच्या आत दोन वर्षांपर्यंत. एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत आणि तेव्हाच गुन्हा दखलपात्र. आग लावली तर कलम ३२६ लागतं, ते गंभीर आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की, चावीचा चरा, मोडलेला आरसा, फोडलेला टेललॅम्प हे बहुतेक सगळं ‘एनसी’त, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांच्या नोंदीत जातं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना एनसीचा तपास करता येत नाही. त्यामुळे ठाणे अंमलदार एनसीची प्रत हातात देतो आणि विषय तिथेच थांबतो.

इथे आमची मागणी शिक्षा वाढवण्याची नाही. चऱ्यासाठी कुणी तुरुंगात जावं असं कुणी म्हणणार नाही. पण याच कलम १७४ मध्ये एनसींचा दैनंदिन अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची तरतूद नव्याने आली आहे. एकाच गल्लीतल्या किंवा एकाच आवारातल्या चार एनसी त्या अहवालात एकत्र दिसल्या, फुटेजमध्ये चेहरा असला, तर तपासाची परवानगी मागणं पोलिसांना अवघड नाही. माणूस ठरलेलाच असेल, वारंवार करत असेल, तर कलम १२६ खाली शांतता राखण्याचं बंधपत्र घेता येतं. मुंबईत ज्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती हीच. म्हणून नुकसान लहान असलं तरी एनसी नोंदवाच आणि ज्याच्या त्याच्या नावावर सुटी सुटी न ठेवता, सगळ्या एनसींचे क्रमांक घालून सोसायटीच्या लेटरहेडवर वरिष्ठ निरीक्षकांना अर्ज द्या. सुट्या एनसी कपाटात पडून राहतात. एकत्र अर्ज आला की त्यावर शेरा मारावाच लागतो.

‘रस्ता काय बापाचा आहे? सार्वजनिक रस्त्यावर फुकट गाडी लावता, मग चरा पडला तर रडता कशाला?’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. गिरगाव, लालबाग, परळच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की अग्निशमन दलाचा बंब वळत नाही, चाळीतल्या माणसाला रुग्णवाहिकेपर्यंत खुर्चीत बसवून न्यावं लागतं. अशा जागी गाडी लावणाऱ्याची बाजू घेता येणार नाही. पण त्यावरचे उपाय चलान, जॅमर आणि टोइंग हे आहेत. २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून पाचशे मीटरच्या आत बेकायदा गाडी लावणाऱ्यांना हजारो रुपयांचा दंड लावला, तोही एक मार्ग होता. रात्री दोन वाजता चावी ओढणारा माणूस दंड वसूल करत नसतो. नियमाप्रमाणे सम-विषम तारीख पाहून लावलेली गाडी आणि फाटक अडवून लावलेली गाडी, यांतला फरकही तो करत नाही. कुंड्या, दगड, मोडक्या खुर्च्या ठेवून रस्त्याचा तुकडा ‘आपला’ करणाऱ्यांनी तिथे दुसऱ्याची गाडी लागल्यावर टायरची हवा सोडावी, हे तर उलटंच झालं. अतिक्रमण त्या कुंडीचं आहे.

हवा सोडलेली दिसली तर गाडी एक फूटही हलवू नका. सपाट टायरवर रिम चालली की बाजूची भिंत कापली जाते आणि बाजूच्या भिंतीचं पंक्चर काढता येत नाही, टायरच टाकावा लागतो. आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, पिन सैल असेल तर पिळा, मग १२ व्होल्टच्या पंपाने इंजिन चालू ठेवून ३२ पीएसआयपर्यंत भरा. लहान टायरला पाच-दहा मिनिटं लागतात. कुणी काही द्रव टाकलेला असेल, तर फडक्याने पुसू नका. पुसल्याने तो पसरतो. भरपूर पाण्याने वरून खाली धुवा, पण त्याआधी फोटो काढा. चरा नखाला अडकत नसेल तर क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशने जातो. नख अडकत असेल तर रंगापर्यंत गेला. खाली चकचकीत पत्रा दिसत असेल, तर आपल्या खाऱ्या हवेत थांबू नका. कोरडा करून प्रायमर आणि टच-अप लावाच. दारं-बॉनेट रंगवायला नंतर टाकता येतील, गंज मात्र तोवर वाट पाहत नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येऊ. मुंबईत उभ्या गाडीवर हात टाकणारा, आमच्या मते, बहुतेक वेळा अनोळखी गुंड नसतो. जागेवरून धुसफुसणारा आसपासचाच कुणीतरी असतो. शहराच्या बांधकाम नियमावलीत लहान गाडीची जागा २.३ बाय ४.५ मीटर आणि मोठीची २.५ बाय ५.५ मीटर. लहान जागांत शेजारी-शेजारी १.८ मीटर रुंदीच्या दोन एसयूव्ही लावल्या की मधे उरतात ५० सेंटिमीटर. दार उघडून माणूस उतरायला ६० तरी लागतात. रोज सकाळी दाराला दार आपटतं, रोज कुरबूर होते आणि एक दिवस कुणीतरी चावी ओढतं. जागावाटप करताना गाडीची लांबी-रुंदी न बघता फ्लॅटच्या क्रमाने किंवा जुन्या वहिवाटीने जागा दिली की हे ठरलेलंच आहे. वाटप सोसायटीच्या हातात आहे. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या वेळच्या कायद्याप्रमाणे स्टिल्टमधलं आणि मोकळ्या जागेतलं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. सामाईक जागेवर सोसायटी हक्क सांगते, पार्किंगचं शुल्कही घेते. मग तिथली काळजी मात्र ‘मालकाच्या जबाबदारीवर’ कशी?

‘कॅमेरे लावलेत की!’ असं कमिटी सांगते. लावलेले असतात, पण त्यांत माणूस ओळखू येत नाही. अनोळखी माणूस ओळखायला फुटेजमध्ये त्याच्या जागी एका मीटरला सुमारे २५० पिक्सेल हवेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल. भागाकार केला की चेहऱ्यासाठी फक्त ७.७ मीटर रुंदीचा पट्टा मिळतो. सगळीकडे बसवली जाणारी २.८ मिलिमीटरची लेन्स जवळजवळ शंभर अंशांत बघते. तिला हा पट्टा तीन मीटरवरच भरतो. त्यापुढे चालणारा अनोळखी माणूस केवळ शर्टाचा रंग. सहा मिलिमीटरची लेन्स घेतली तर तेच अंतर आठ मीटरच्या आसपास जातं. म्हणून रुंद चित्रासाठी २.८ ठेवावी आणि फाटक व जिन्याच्या तोंडाशी प्रत्येकी एक सहा मिलिमीटरची, डोक्याच्या थोडी वर, चेहरा दिसेल अशी लावावी. छताला तीन मीटरवर टांगलेला कॅमेरा टोपीच दाखवतो. दोन कॅमेरे समोरासमोर लावले की कुणी एकाचं तोंड फिरवलं तर ते दुसऱ्यात दिसतं.

रात्रीच्या इन्फ्रारेडवर विसंबू नये. पावसाळ्यात कीटक त्या प्रकाशाकडे येतात, काचेवर कोळी जाळं विणतो आणि सकाळी फुटेजमध्ये पांढरं जाळंच उरतं. पंधरा दिवसांनी फडकं फिरवणं वॉचमनच्या कामात लेखी घालावं. त्याहून बरं म्हणजे उजेड. वीस वॅटची एक एलईडी ट्यूब सुमारे दोन हजार ल्युमेन देते. स्टिल्टच्या नेहमीच्या उंचीवर दर दोन गाड्यांमागे अशी एक, खांबाच्या सावलीत गाडी येणार नाही अशा जागी, लावली की कॅमेरा रंगीत चित्र घेतो आणि चावी काढणाऱ्याचा हातही आखडतो.

मग हार्ड डिस्क. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चित्र दाबून लहान करणाऱ्या एच.२६५ पद्धतीत दोन एमबीपीएसने (सेकंदाला दोन मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. एक टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. गावी गेलेला सभासद दहा दिवसांनी परततो, चरा बघतो, तेव्हा ती रात्र केव्हाच पुसली गेलेली असते. चार टीबीत तेवीस दिवस मिळतात. तीस दिवस हवे असतील तर सहा टीबी, तीही चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली सर्व्हेलन्स प्रकारची. आणि फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं, डीव्हीआरचं, घड्याळ! ते वीस मिनिटांनी पुढे-मागे असेल, तर फुटेजवरची वेळ आणि तक्रारीतली वेळ जुळत नाही आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय बहुतेक डीव्हीआरमध्ये असते, ती चालू करायला दोन मिनिटं लागतात. फुटेज देताना मोबाइलने स्क्रीनचं चित्रण करून देऊ नये. मूळ फाइल निर्यात करावी. पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष अधिनियमाच्या, कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा, नोंदवावं लागतं. यंत्र सोसायटीच्या ताब्यात आहे, तेव्हा पहिला भाग सेक्रेटरींनी सही करून द्यायलाच हवा. ‘आम्हाला कोर्टकचेरी नको’ म्हणून ती सही नाकारणं म्हणजे नुकसान करणाऱ्याला मदत करणं आहे, हे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

पे अँड पार्कच्या ठेकेदाराकडून तर पैसे घेतल्याचा मोबदला म्हणून एवढं मागता येईल: पावती फाडताना कर्मचाऱ्याने गाडीभोवती फिरून दहा सेकंदांचं चित्रण करावं, पावतीच्या क्रमांकाखाली ते तीस दिवस ठेवावं. भाड्याने गाड्या देणारे हे रोज करतात. आत येताना चरा नव्हता आणि बाहेर जाताना आहे, एवढं सिद्ध झालं की पाटी कुणाच्या बाजूने बोलते ते कळेल. महापालिकेने निविदेत ही अट घालावी. जागा तिची आहे.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तिथे मांडायचा ठराव चार ओळींचा आहे: पार्किंगमधला उजेड रात्रभर चालू राहील. फुटेज तीस दिवस जपलं जाईल आणि सभासदाने लेखी मागितल्यापासून ४८ तासांत मूळ फाइल प्रमाणपत्रासह मिळेल. जागांचं वाटप गाडीच्या मापाप्रमाणे फिरून होईल आणि प्रत्येक गाडीच्या काचेआड फ्लॅट क्रमांक किंवा मोबाइल नंबर उघड न करणारा क्यूआर स्टिकर राहील, म्हणजे गाडी आडवी आली तर वॉचमन इंटरकॉमवर बोलावू शकेल. ‘असा ठराव केला तर उद्या भरपाई मागतील’ ही कमिटीची भीती खरी आहे. पण या ठरावात भरपाईचा शब्द कुठेच नाही. उजेड, नोंद आणि सही एवढंच त्यात मागितलं आहे. तो मंजूर झाला की वॉचमनच्या खुर्चीमागची पाटी त्याच दिवशी पुसून तिथे इंटरकॉमचा नंबर रंगवता येईल.